‘झालं की’ आणि ‘झालं तर’: फ्रेंचच्या फ्युत्यूर आंतेरियरमध्ये या चुका टाळा

‘हे पुस्तक वाचून झालं की मला परत दे.’ एवढं साधं वाक्य फ्रेंचमध्ये करायला दिलं, तर माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक वह्यांत ‘कां त्यू आ ल्यू स लिव्र’ अशी सुरुवात सापडते. मुलं हुशार असतात, पासे कोंपोझे, म्हणजे नेहमीचा भूतकाळ, त्यांनी घोटलेला असतो. चूक व्याकरण न आल्यामुळे होत नाही, ती आपल्या ‘झालं की’मुळे होते. पुस्तक अजून वाचायचंय, तरी मराठी खुशाल भूतकाळी रूप वापरते: जेवलो की निघू, पोचलास की फोन कर. फ्रेंचला हे चालत नाही. जी गोष्ट उद्या व्हायची आहे ती उद्याच्याच काळात सांगावी लागते: ‘कां त्यू ओरा ल्यू स लिव्र, त्यू म ल रांद्रा.’ शब्दशः पाहिलं तर ‘तू हे पुस्तक वाचलेलं असशील तेव्हा ते मला परत देशील.’ मराठीत हे अवघडलेलं वाटतं, फ्रेंचमध्ये रोजचं आहे. हाच फ्युत्यूर आंतेरियर: पुढे एखादी गोष्ट झालेली असेल, असं सांगणारा काळ.

(फ्रेंच शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. स्पेलिंगमुळे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.)

रूप बनवायची कृती छोटी आहे. आव्वार (जवळ असणे) किंवा एत्र (असणे) या साहाय्यक क्रियापदाचा साधा भविष्यकाळ घ्यायचा आणि त्याला मुख्य क्रियापदाचं पार्तिसिप पासे, म्हणजे ‘वाचलेलं’सारखं रूप, जोडायचं. जोरे, त्यू ओरा, इल ओरा, नू झोरों, वू झोरे, इल झोरों. नाहीतर ज सरे, त्यू सरा, इल सरा, नू सरों, वू सरे, इल सरों. ‘कां’च्या (जेव्हा) जोडीला लोर्स्क (जेव्हा), दे क आणि ओसितो क (होताच), यून फ्वा क (एकदा का), आप्रे क (नंतर) हे शब्दही लक्षात ठेवा. भविष्यातल्या दोन गोष्टींपैकी एक आधी पूर्ण व्हायची असेल, तर यांच्यामागून फ्युत्यूर आंतेरियर येतो. आवां क, म्हणजे ‘च्या आधी’, याला मात्र सब्जोंक्तिफ हा क्रियापदाचा वेगळा प्रकार लागतो, तिथे हा काळ वापरू नका.

आता ‘की’च्या जागी ‘तर’ ठेवून पाहा. ‘सहाच्या आत झालं तर येऊन जाईन.’ इथे मुलं नुकताच शिकलेला नियम लावतात आणि ‘सी जोरे फिनी’ लिहितात. ते चूक आहे. अट सांगणाऱ्या ‘सी’नंतर भविष्यकाळ येतच नाही. बरोबर वाक्य आहे ‘सी जे फिनी आवां सीझर, ज पास्रे’. म्हणजे इथे फ्रेंच आपल्यासारखीच वागते, झालेल्या गोष्टीचं रूप घेते. फ्रेंच शाळांत मुलांना एक वाक्य पाठ करायला लावतात: ‘ले सी नेम पा ले रे.’ ‘सी’चा एक अर्थ करवत आणि ‘रे’ म्हणजे पाकट मासा, म्हणून ऐकताना ते ‘करवतींना पाकट आवडत नाहीत’ असं ऐकू येतं. ते मुळात कोंदिस्योनेलच्या, म्हणजे ‘असतं’वाल्या रूपाच्या, शेवटच्या ‘रे’साठी आहे, पण आपलं कामही त्यात भागतं. त्यामुळे वाक्य लिहिण्याआधी मनातल्या मनात मराठीत म्हणून बघा: ‘झालं की’ असेल तर ओरे, ‘झालं तर’ असेल तर नुसतं जे.

याला एकच फाटा आहे. ‘त्याचं झालं असेल की नाही कोण जाणे’ यातला ‘की नाही’ही फ्रेंचमध्ये ‘सी’नेच होतो, पण त्यात अट नाही, शंका आहे. तिथे ‘ज न से पा सिल ओरा फिनी’ पूर्णपणे बरोबर.

साहाय्यक क्रियापद निवडताना होणारी चूक मला जास्त गंभीर वाटते, कारण तिच्यामुळे अर्थच बदलतो. मराठीत सगळीकडे ‘असणे’ लागतं: गेला असेल, खाल्लं असेल, झोपली असेल. त्या सवयीने मुलं सगळीकडे एत्र लावतात. ‘मी जेवलेलो असेन’साठी कोणी ‘ज सरे मांजे’ म्हणालं, तर फ्रेंच माणसाला त्याचा अर्थ ‘मी खाल्ला जाईन’ असा लागतो. हवं होतं ‘जोरे मांजे’. एत्र लागतं ते जाणं, येणं, निघणं, पोचणं, राहणं, पडणं, जन्मणं, मरणं अशा ठरावीक क्रियापदांना आणि स्वतःवर उलटणाऱ्या सगळ्या क्रियापदांना: ‘ज म सरे लवे’, मी उठलेलो असेन. खुद्द एत्रला मात्र आव्वारच लागतं. ‘जोरे एते’ म्हणा, ‘ज सरे एते’ कधीही नाही.

काही क्रियापदं दोन्हीकडे जातात. इथे मराठी फार मदत करते. ‘एल सरा देसांद्यू’ म्हणजे ती उतरली असेल. ‘एल ओरा देसांद्यू ले वालीझ’ म्हणजे तिने बॅगा उतरवल्या असतील. आपण क्रियापद बदलतो, उतरणे आणि उतरवणे. फ्रेंच क्रियापद तेच ठेवते आणि साहाय्यक बदलते. चढणे-चढवणे (मोंते) आणि बाहेर पडणे-बाहेर काढणे (सोर्तीर) यांनाही तोच न्याय. मराठी वाक्यात ‘काय उतरवलं?’ हा प्रश्न विचारता येत असेल, तर आव्वार.

लिंग-वचनाचं तसंच. ‘तो गेला असेल, ती गेली असेल’ हे आपण जन्मापासून करतो, त्यामुळे एत्रसोबत पार्तिसिपला स्त्रीलिंगी ‘ई’ किंवा अनेकवचनी ‘एस’ जोडणं पटकन पटतं. विसरलं जातं ते कानाला फरक कळत नाही म्हणून: पार्ती, कोणी का गेलेलं असेना, ऐकू एकसारखंच येतं. आव्वारसोबत तर मराठी माणूस उलट जास्त जुळवतो. ‘मी पत्रं लिहिली असतील’ यात आपलं क्रियापद पत्रांप्रमाणे चालतं, म्हणून वहीत ‘जोरे एक्री ले लेत्र’मध्येही नको तो ‘ई-एस’ येतो. फ्रेंचचा नियम असा, की कर्म आधी आलं असेल तरच जुळवायचं. ‘ले लेत्र क जोरे एक्रीत’: इथे पत्रं क्रियापदाच्या आधी आली, आणि मघाशी न ऐकू येणारा ‘त’ आता ऐकू येतो. हा नियम सोळाव्या शतकात कवी क्लेमां मारो यांनी इटालियनच्या धर्तीवर मांडला. फ्रान्समधली माणसंही त्यात अडखळतात, त्यामुळे एवढ्यावरून कोणी धीर सोडू नये.

लिहिताना ‘एस’ची आणखी एक गफलत होते. ‘जोरे फिनी’ दोन प्रकारे लिहिता येतं. ‘एस’ नसेल तर ‘माझं झालेलं असेल’. ‘ओरे’च्या शेवटी ‘एस’ आला तर तो कोंदिस्योनेल पासे, म्हणजे ‘माझं झालं असतं’. बोलताना अनेक फ्रेंच लोक या दोन्हींत फरक करत नाहीत, म्हणून कानावर विसंबू नका. मराठीत ‘असेल’ येतं की ‘असतं’, हे पाहिलं की निकाल लागतो. तरी शंका उरली तर ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घ्या: ‘नू झोरों’ आणि ‘नू झोर्यों’ वेगळे ऐकू येतात.

नकारात ‘पा’ साहाय्यकाला चिकटून येतो: ‘ज नोरे पा फिनी’. ‘देजा’चीही (आधीच) जागा तीच: ‘जोरे देजा मांजे’.

‘सोमवारपर्यंत मी हे संपवलेलं असेल’ यातल्या ‘पर्यंत’साठी हात आपोआप ‘ज्युस्का’कडे जातो. पण ‘ज्युस्का लँदी’ म्हणजे सोमवार येईतो तेच काम चालू राहणं. मुदत सांगायची असेल तर ‘दिसी लँदी, जोरे फिनी’ किंवा ‘आवां लँदी’. आपला ‘पर्यंत’ दोन्ही कामं करतो, त्यामुळे ही चूक चांगल्या मुलांच्या हातूनही होते.

या काळाचा सगळ्यात गोड उपयोग तर मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही. ठरलेल्या वेळी मित्र आला नाही, तर आपण म्हणतो ‘गाडी चुकली असेल’. फ्रेंच म्हणते ‘इल ओरा राते सों त्रॅं’. तोच साहाय्यक भविष्यात, तोच अंदाज झालेल्या गोष्टीचा. हे इंग्रजीतून समजून घ्यायला गेलात तर उगाच लांबचा वळसा पडेल. रोजच्या बोलण्यात ‘इल आ द्यू राते’ जास्त ऐकू येतं, तरी वाचताना ओरा दिसला की गोंधळू नका.

पण प्रत्येक ‘ओरा’ म्हणजे अंदाज नव्हे. फ्रेंच वर्तमानपत्रात ‘इल ओरा फाल्यू आतांद्र १९४४’ असं वाक्य बायकांच्या मताधिकाराबद्दल दिसलं, तर त्याचं मराठी ‘१९४४ पर्यंत थांबावं लागलं असेल’ होत नाही. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा हक्क १९४४च्या एप्रिलमध्येच मिळाला आणि त्यांनी पहिल्यांदा मत दिलं १९४५ साली. हे घडून गेलेलं आहे, त्यात शंका नाही. मागे वळून एखाद्या काळाचा हिशोब मांडताना फ्रेंच लोक हा काळ वापरतात, आणि त्याचं मराठी ‘थेट १९४४ उजाडावं लागलं’ असं करावं. मृत्युलेखांत, वर्षअखेरच्या लेखांत हा प्रकार बराच भेटतो. परीक्षेच्या उताऱ्यात तो ओळखता आला नाही, तर पूर्ण परिच्छेदाचा अर्थ शंकेखोर होऊन बसतो.

आणि एक, कोणी फ्रेंच मित्र ‘जे फिनी दां द मिन्यूत’ म्हणाला तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नका. काम संपायचंय, तरी तो पासे कोंपोझे वापरतोय, अगदी आपण ‘दोन मिनिटांत झालंच’ म्हणतो तसा.