पाण्याच्या टाकीपासून आरसीवरच्या नावापर्यंत: राहायची गाडी विकताना

२०२४ च्या होळीनंतर आम्ही आमची कॅम्पर व्हॅन विकली. २०१७ ची फोर्स ट्रॅव्हलर, एमएच-१४ पासिंग, डिझेल. पहिल्या मालकाने ती बॉडी बिल्डरकडून मोटर कॅराव्हॅन म्हणूनच पास करून घेतली होती. २०२० मध्ये आमच्याकडे आली तेव्हा आत दोन पलंग, एक सिंक आणि झुरळं होती. वीज, पाणी, ओटा, छतावरचं सोलर हे सगळं आम्ही दोघांनी केलं. मी कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम करते, नवऱ्याला सुतारकामाची हौस. तीन वर्षं जमेल तेव्हा तिच्यात राहिलो. मग सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात आठ महिने उभी राहिली. मागचे ब्रेक जाम झाले तेव्हा कळलं, आता विकायला हवी.

असली गाडी विकताना पंचाईत अशी की गिऱ्हाइकाला सागवानी ओटा दिसतो, पडदे दिसतात, दिव्यांची माळ दिसते. पैसे मात्र प्लायच्या मागे गेलेले असतात. ते मागचं दाखवता आलं तरच भाव येतो, नाहीतर तो "छान आहे हो" म्हणून फोटो काढून जातो. आमच्याकडे अशी अकरा माणसं फोटो काढून गेली.

सुरुवात कागदांपासून करा. आरसीवर गाडीचा वर्ग काय लिहिलाय ते आधी वाचा. तिथे मालवाहू किंवा बस असेल आणि आत पलंग-शेगडी असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये तुम्ही अडकलेले आहात. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमावाला पहिलं बोट तिथेच ठेवतो. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. त्या वाटेने गाडी पास झालेली असेल तर ते कागद फाइलच्या अगदी वर लावा. नसेल तर घेणाऱ्याला पहिल्याच फोनवर सांगा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. हे झाकून गाडी विकली तर पुढची दोन वर्षं त्याचा फोन आला की पोटात गोळा येतो. कर्ज काढलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. ई-चलन भरून टाका. पीयूसी ताजी ठेवा. एवढं झालं की कागदांचा विषय निम्मा संपला.

आता किंमत. इथे सगळे चुकतात, आम्हीही चुकलो. मी पहिल्यांदा सगळी बिलं जोडून बेरीज केली आणि वर "मेहनत" म्हणून दीड लाख लावले. तो आकडा ऐकून एका एजंटने फोनवर चक्क खोकल्याचं नाटक केलं. नंतर हिशोब असा बसवला. त्या वर्षाची, तेवढ्या किलोमीटरची साधी ट्रॅव्हलर बाजारात कितीला जाते, हा पाया. त्यावर काढून दुसऱ्या गाडीत बसवता येतील अशा वस्तू, म्हणजे बॅटरी, पॅनल, फ्रिज, इन्व्हर्टर, पंखे. त्यांचा आजचा नवा भाव घ्या आणि त्याच्या निम्मे धरा. तुमच्या बिलावरचा भाव विसरा. आमची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी २०२० मध्ये ९० हजारांना पडली होती, विकताना तशीच नवी ५५ हजारांत मिळत होती. घेणाऱ्याला हे माहीत असतं. सुतारकामाला थोडे, फार थोडे. मेहनतीला शून्य. नवरा यावरून दोन दिवस बोलला नाही. शेवटी आम्ही १३ लाख ७५ हजार सांगितले आणि १२ लाख ४० हजारांना व्यवहार झाला.

मग बॅटरी. "चार वर्षांची आहे, पण मस्त चालते" याला कोणी पैसे देत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहतं, त्यामुळे मीटरवर १३.२ व्होल्ट दाखवून काहीच सिद्ध होत नाही. मी असं केलं: बॅटरी पूर्ण भरली, पॅनलचा स्विच बंद केला, फ्रिज बंद, आणि इन्व्हर्टरवर जुने १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब लावले. इन्व्हर्टरची गळती धरून साधारण १८ अँपिअर ओढले जात होते. सकाळी आठला सुरू केले, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटने, पुरवठा तोडला. किती वीज निघाली ते मोजणाऱ्या शंटवर आकडा होता १८६ अँपिअर-अवर. म्हणजे २०० पैकी १८६ ची क्षमता अजून शिल्लक. दर तासाला स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. हे अकरा फोटो ओट्याच्या फोटोंपेक्षा जास्त कामाला आले.

सोलरबद्दल थापा मारू नका. आमचे २०० वॅटचे दोन पॅनल छतावर सपाट होते. चैत्राच्या उन्हात चिंचवडला दिवसाला दीड युनिट सहज मिळायचं. जुलैत ताम्हिणीत तेच पॅनल अर्धं युनिट दिलं तरी उपकार, आणि अर्धं युनिट तर एकटा फ्रिजच खातो. "ऑफ-ग्रिड" हा शब्द वाचून लोकांच्या डोळ्यांपुढे एसी आणि इंडक्शन येतं. त्यांना सरळ सांगा की पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी इंजिन चालू करून चार्ज करावं लागेल. पाण्याचंही तसंच. टाकी ९० लिटरची. दोन माणसांना चार दिवस पुरते, पण आंघोळ तांब्याने.

वजनकाट्यावर जाऊन या. दोनशे रुपयांच्या आत काम होतं आणि असली पावती दुसरा कोणी विकणारा देत नाही. टाकी भरलेली, डिझेल भरलेलं, गॅस, भांडी, अंथरुणं, दोघे जण आत, अशा अवस्थेत पूर्ण वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून एकदा, फक्त मागची ठेवून एकदा. आमची गाडी आरसीवरच्या एकूण वजनमर्यादेपेक्षा ३८० किलोंनी हलकी निघाली. पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांवर, जास्त भार नाही हे सांगायला दुसरा पुरावा लागला नाही.

वायरिंगचं चित्र नसेल तर आता काढा. माझ्याकडे पहिल्या दिवसापासूनचं होतं, लॅमिनेट करून फ्यूजबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेलं. प्रत्येक फ्यूजखाली मराठीत चिठ्ठी: पंखा-मागचा, पंप, फ्रिज, "हा काढू नये". आणि प्लाय ठोकण्याआधी भिंतींचे काढलेले फोटो, ज्यात वायर कुठून गेली, पाइप कुठून वळला, सगळं दिसतं. तुम्ही आत्ता गाडी बांधत असाल तर हा लेख अर्धवट सोडा आणि आधी ते फोटो काढून या.

गॅसकडे बायका आधी बघतात, पुरुष शेवटी, असा आपला माझा अनुभव. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून आमच्या सिलिंडरच्या पेटीला तळाशी बाहेर निघणारं भोक आहे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर मी सांध्यांना साबणाचं पाणी लावून दाखवायचे. छपराचंही तेच: होजपाइपने वीस मिनिटं पाणी मारायचं आणि घेणाऱ्याला आत बसवून कोपरे चाचपायला सांगायचे.

जाहिरात आम्ही अशी लिहिली: "सहा फुटी माणसाचे केस छताला लागतात. पलंग साडेपाच फुटी, आडवा. मागच्या खिडकीला वेग वाढला की शिट्टी वाजते. स्पितीत ऑक्टोबरच्या पहाटे बॅटरीने चार्ज घ्यायला नकार दिला, कारण शून्याखाली लिथियम चार्ज होत नाही. ऊन तापल्यावर घेतला. हीटर नाही." उणिवा आधी, बाकीचं नंतर. फोन कमी आले, पण आलेल्या माणसांना काय विचारायचं ते माहीत होतं.

नको ते फोनही आले. "मी लष्करात आहे, गाडी न पाहता घेतो, टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही लागत नाही. फोन ठेवून द्या. दिल्लीच्या एका मुलाला गाडी खरंच हवी होती. पण त्या परिसरात तेव्हा दहा वर्षांवरची डिझेल गाडी चालवायला बंदी होती, म्हणजे त्याच्या हातात तीनच वर्षं उरत होती. मीच त्याला नको म्हटलं. बंगळुरूचं एक जोडपं तयार होतं. तिथे फॉर्म २८ ची एनओसी आणि कर्नाटकाचा कर आडवा आला. परराज्यातल्या गिऱ्हाइकाला हा खर्च आधी काढायला सांगा, टोकन त्यानंतर.

देशभरातून फोन आले आणि गाडी घेतली निगडीच्या एका निवृत्त जोडप्याने, आमच्या घरापासून चार किलोमीटरवर. त्यांनी एकच अट घातली, एक रात्र राहून बघायचं. मी तर म्हणते ही अट तुम्हीच घाला. त्यांचं लायसन्स पाहिलं, विमा चालू होता, थोडी रक्कम ठेव म्हणून खात्यात घेतली आणि पवनेच्या काठी गेलो. ते गाडीत, आम्ही शेजारी तंबूत. रात्री अकराला काकांनी तंबूबाहेर येऊन हळूच विचारलं, "ताई, आत काहीतरी टकटक करतंय. दर वीस मिनिटांनी."

मला लगेच कळलं, आणि लाजही वाटली. कोणी नळ उघडलेला नसताना पंप अर्धा सेकंद फिरतो, याचा अर्थ कुठेतरी थेंब थेंब जातोय आणि दाब उतरतोय. सिंकखालचं सामान बाहेर काढलं, टॉर्च तोंडात धरून आत शिरले. नळाच्या खालच्या पाइपचा क्लॅम्प एक आटा सैल होता. काकू मागून स्क्रू ड्रायव्हर देत होत्या आणि प्रत्येक वाल्व कशाचा ते विचारत होत्या. क्लॅम्प आवळला, पंप एकदा फिरला आणि गप्प झाला. सकाळी चहा त्यांनीच केला, आमच्या शेगडीवर, आणि चहा पिता पिता भाव ठरला. गळती आधी सापडली असती तर मी गुपचूप आवळून मोकळी झाले असते आणि काकूंना सिंकखालचं जग कधी कळलं नसतं.

पैसे आरटीजीएसने घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्यालाच होतो. गाडी नावावर करायला, म्हणजे टीटीला, फॉर्म २९ आणि ३०. एजंट म्हणेल, "कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवा, मी बघतो." करू नका. विकल्याची खबर आरटीओला द्यायची मुदत राज्यातल्या राज्यात १४ दिवस आहे. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नवं नाव दिसेपर्यंत फाइल बंद समजू नका. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरही लिहा, म्हणजे त्या संध्याकाळचं चलन कुणाचं यावर वाद नको. विम्याचा नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नव्हे. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येतं. सोलर चार्जर आणि बॅटरीच्या ॲपचे पासवर्ड त्यांच्या फोनवर बदलून द्या.

एवढं सगळं केलं आणि काचेवरचा फास्टॅग विसरले. तीन आठवड्यांनी, शनिवारी पहाटे, मी सासूबाईंना व्यायाम करून देत होते आणि फोन वाजला. खेड-शिवापूर, टोल कापला. तासाभराने आनेवाडी. मग तासवडे. नवरा म्हणाला, "कोल्हापूरकडे निघालेत वाटतं." टॅग बंद करायला बँकेला फोन लावला तो दुपारी, ते पोहोचले असतील असं धरून.