हलक्या रेझरने दाढी करताना

प्लास्टिकच्या दांड्याचा, दुधारी ब्लेडचा स्वस्त रेझर वजनाला अगदी हलका असतो. जड पितळी रेझर आपल्या वजनानेच गालावर टेकून राहतो, हा राहत नाही. म्हणून हात नकळत दाबला जातो आणि कापतं. दाबायचं नाही. डाव्या हाताने कातडी ताणून धरा, दांडा टोकाकडे दोन-तीन बोटांत सैल पकडा.

कोन असा शोधा: रेझरची वरची टोपी गालावर टेकवा, दांडा गालापासून काटकोनात ठेवा, मग हळूहळू खाली आणा. खुंट कापल्याचा खर्रखर्र आवाज आला की थांबा, तोच कोन. ब्लेड आणि त्वचेत साधारण ३० अंश भरतात.

ब्लेड बसवल्यावर दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर दिसते का, हे आधी पाहा. प्लास्टिकचं डोकं किंचित लवतं, त्यामुळे ब्लेड तिरकं बसतं आणि एकच बाजू ओरबाडते. तसं दिसलं तर दांडा सैल करून पुन्हा बसवा. फार आवळूही नका, आटे जातात.

एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच ओढा, केसांच्या दिशेने. मानेवर ती दिशा बदलते, बोट फिरवून आधी तपासा. पुन्हा रेझर फिरवायचा तर फेसही पुन्हा लावा. चार-पाच दाढ्यांनंतर ब्लेड ओढू लागलं, की बदला.