पाणी ९८ ला उकळतं: इंदूरच्या वर्गातल्या पहिल्या कोडिंग-तासाची तयारी

पहिल्या तासाला रोबो नको आणि लुकलुकणारा दिवाही नको. दिवा लुकलुकला की मुलं टाळ्या वाजवतात, पण विज्ञान तिथंच थांबतं. तापमानापासून सुरुवात करा. सेन्सर आधी बर्फात, मग उकळत्या पाण्यात बुडवायचा आणि आलेले आकडे कोड लिहून दुरुस्त करायचे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथं पाणी ९८.२ अंशांच्या आसपास उकळतं. पुस्तकातले १०० धरलेत तर चांगल्या सेन्सरलाही खोटं ठरवाल.

सामान आठ दिवस आधी हातात असू द्या. चाळीस मुलांचे चौघा-चौघांचे दहा गट होतात, तरी संच बाराच घ्या. एका संचात आर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा सर्किट-बोर्ड), त्याची केबल, छोटा ब्रेडबोर्ड (वायरी खोचून जोडायची भोकांची पाटी), पाच-सहा जंपर वायरी, स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि ४.७ किलोओहमचा एक रोध (रेझिस्टर). इंदूरच्या जेल रोडवरच्या बाजारात न मिळालं तर ऑनलाइन मागवायला वेळ उरतो, म्हणून आठ दिवस. आर३ प्रकारच्या उनोला प्रिंटरची जाड केबल लागते आणि ती सहसा दगा देत नाही. स्वस्त म्हणून नॅनो हा आर्डुइनोचाच लहान बोर्ड घेतलात तर मात्र मोबाईलच्या केबली गोळा होतात. त्यातल्या काही नुसत्या चार्जिंगच्या निघतात. बोर्डवरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही.

खरी मेख सेन्सरच्या वायरींत आहे. त्यांची टोकं बारीक तारांच्या झुपक्याची असतात आणि ब्रेडबोर्डमध्ये घट्ट बसत नाहीत. मुलानं नळी जरा हलवली की संपर्क तुटतो आणि पडद्यावर उणे १२७ येतं, म्हणजे सेन्सर सापडत नाही. तेव्हा प्रत्येक टोकाला आधीच एकेक पिन डाखून घ्या. बारा सेन्सरांच्या छत्तीस पिना म्हणजे एका संध्याकाळचं काम. बहुतेक सेन्सरांत लाल वायर ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला आणि पिवळी डेटाला जाते. तरी विक्रेत्याची चिठ्ठी बघा, रंग बदललेले असतात. लाल-काळी उलटी लागली तर सेन्सर चटका बसेल इतका तापतो. लगेच केबल काढा. रोध पिवळ्या आणि लाल वायरीच्या मध्ये लावायचा. तो विसरला तरी उणे १२७ च दिसतं. नेमकं ८५ दिसलं तर पाणी ८५ अंशांवर आहे असं समजू नका. वीज मिळाल्यावर सेन्सर पहिल्यांदा हाच आकडा धरून असतो. मोजणी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तालीम स्वतःच्या लॅपटॉपवर करू नका, शाळेच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर करा. आर्डुइनोचं नवं २ क्रमांकाचं सॉफ्टवेअर ६४ बिटच्या विंडोज १० किंवा त्यापुढच्या विंडोजशिवाय चालत नाही. जुन्या मशिनींसाठी १.८.१९ ठेवा. त्याची झिप फाईल इन्स्टॉल न करता चालते, म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडे आहे याची शोधाशोध नको. स्वस्त बोर्डांना मात्र त्यांच्यावरच्या सीएच३४० या यूएसबी-चिपचा ड्रायव्हर लागतो आणि तो टाकायला पासवर्ड लागतोच. वनवायर आणि डॅलस टेंपरेचर या दोन लायब्ररी (सेन्सर वाचणारे तयार कोड) घरीच उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. शाळेच्या नेटवर विसंबू नका.

पाण्याकडे वळू. दोन किलो बर्फ कुटून थर्मासमध्ये घ्या. पेल्यात नुसता बर्फ नको, बर्फाच्या खड्यांत पाणी भरलेलं हवं, तरच शून्य अंश मिळतात. किटली एकच, शिक्षकाच्या टेबलावर. १५०० वॅटची किटली साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला झेपत नाही (६ गुणिले २३० म्हणजे १३८०), १६ अँपिअरचं सॉकेट शोधून ठेवा. उकळतं पाणी पेल्यात ओतलं की तापमान भराभर उतरतं, म्हणून मोजायचं किटलीतच, आणि सेन्सर शिक्षकानंच धरायचा. नळी तळाला टेकू देऊ नका. दोन मिनिटं थांबा. एक गट किटलीपाशी असताना बाकीचे बर्फात मोजतात, पण तरीही चाळीस मिनिटांत हे उरकत नाही. लागोपाठचे दोन तास मागून घ्या.

कोड अर्धा लिहून द्या. वाचन घेणारा भाग तयार असावा, दुरुस्तीची ओळ मुलांची: वाचनातून बर्फातला आकडा वजा करा, ९८.२ नं गुणा, उकळत्या आणि बर्फातल्या आकड्यांच्या फरकानं भागा. बर्फात ०.४ आणि किटलीत ९७.६ आले, तर ३० चे खरे २९.९ होतात. मुलं इथं हमखास ‘इंट’ (पूर्णांक) लिहितात आणि ०.४ चं शून्य होतं, ‘फ्लोट’ (दशांश) हवं. पडद्यावर अगम्य खुणा उमटल्या तर सीरियल मॉनिटरचा, म्हणजे बोर्डकडून आलेले आकडे दाखवणाऱ्या खिडकीचा, वेग कोडमधल्या ९६०० शी जुळत नाही, एवढंच.

फळ्यावर शब्दांची जोडी आधीच लिहा. घरी मराठी बोलणारी मुलंसुद्धा इथल्या हिंदी पुस्तकातून ‘क्वथनांक’ शिकलेली असतात. तुम्ही ‘उत्कलनांक’ म्हणालात की ती गोंधळतात. ‘रोध’ आणि ‘प्रतिरोध’चंही तेच.

शेवटची दहा मिनिटं आवराआवरीला राखा. सेन्सर पुसून, बारा मोजून डब्यात. रोध मात्र ब्रेडबोर्डवरच राहू द्या, म्हणजे पुढच्या वर्गाला उणे १२७ चं एक कारण कमी.