चिनी स्थलांतरितांच्या साहित्यातील स्मरणरंजन कसे वाचावे

परदेशी स्थायिक झालेल्या चिनी वंशाच्या लेखकांची पुस्तके वाचताना गावाची आठवण, आजीचे स्वयंपाकघर आणि जुनी छायाचित्रे आधी नजरेत भरतात. ‘मायभूमीची ओढ’ असे म्हणून तेथेच थांबल्यास गाभा हातून निसटतो. म्हणून प्रत्येक आठवणीपाशी विचारावे, की ती गाव सोडून आलेल्याची आहे, की ज्याने ते गाव कधी पाहिलेच नाही त्याची.

तत्पूर्वी पात्राने देश केव्हा आणि का सोडला, हे नोंदवून ठेवावे. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांवर घातलेली प्रवेशबंदी १९४३ पर्यंत टिकली. त्या काळात, १९१० ते १९४० या वर्षांत, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर अडकवून ठेवलेल्यांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. त्यांना घरी परत जाण्याचा मार्ग निदान कल्पनेत तरी खुला होता. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर तैवानला गेलेल्यांना मात्र समुद्रापलीकडचे घर कित्येक दशके दुरावले, आणि १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात लष्कराने आंदोलकांचे हत्याकांड केल्यानंतर अमेरिकेतच राहिलेल्या ‘हा जिन’ (Ha Jin) या चिनी कादंबरीकारासारख्या लेखकाकडून निर्भेळ ओढीची अपेक्षाच करू नये.

यानंतर आठवणीतील विसंगती शोधाव्यात. खरे काम येथेच असते. चिनी-अमेरिकी लेखिका एमी टॅन यांच्या ‘द जॉय लक क्लब’ (१९८९) या कादंबरीत आई चीनमधील युद्धकाळातल्या क्वेलिन शहराची गोष्ट मुलीला पुन्हा पुन्हा सांगते. कवडीमोल झालेल्या हजार युआनच्या नोटेतून अर्धी वाटी तांदूळ येतात, तांदळाची पेज होते, पेजेच्या बदल्यात डुकराचे पाय, त्यांची अंडी, अंड्यांच्या कोंबड्या. दर वेळी शेवट निराळा असतो आणि मुलीला ती परीकथा वाटते. एका संध्याकाळी आई नवाच शेवट सांगते: पळून येताना तिने दोन तान्ह्या मुली मागे सोडल्या होत्या. हे कळल्यावर आधीचे शेवट खोटे म्हणून बाजूला सारू नयेत, तर त्या वाढत जाणाऱ्या अन्नाने काय झाकले होते, हे मागे जाऊन पाहावे. (खाद्यपदार्थांच्या सुट्या वर्णनांना मात्र मी फारसे महत्त्व देत नाही, परक्या वाचकाला तीच हवी असतात, हे लेखकही जाणून असतो.)

शेवटी भाषेकडे पाहावे. चीनमधून अमेरिकेत आलेल्या आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या यियुन ली यांनी आपली मातृभाषा जाणीवपूर्वक सोडल्याचे स्वतःच लिहिले आहे. अशा वेळी स्मरणरंजनाचा अभाव हीसुद्धा अस्मितेविषयीची भूमिका मानावी. चिनी-अमेरिकी लेखक केन लिऊ यांच्या ‘द पेपर मिनॅजरी’ (२०११) या कथेतील मुलगा तर चीनहून आलेल्या आईने इंग्रजीतच बोलावे असा हट्ट धरतो. तिच्या मृत्यूनंतर तिने घडी घातलेला कागदी वाघ उलगडतो आणि आत चिनी लिपीतील पत्र निघते, जे त्याला वाचता येत नाही. एका अनोळखी पर्यटक तरुणीकडून ते वाचून घ्यावे लागते. मग तो ‘प्रेम’ हे एकच अक्षर तिच्याकडून शिकतो आणि आईच्या ओळींवर पुन्हा पुन्हा गिरवतो. त्या अक्षरापाशी पुस्तक मिटू नये. आरंभीच्या प्रसंगाकडे परतावे, जेथे रडणाऱ्या मुलाला समजावण्यासाठी आई भेटवस्तूवरच्या कागदाला पहिली घडी घालते.