शिष्यवृत्तीच्या अर्जात गरिबी कशी मांडावी

फेब्रुवारी-मार्च आला की कंपालातल्या मराठी मंडळींचे मला फोन सुरू होतात. युगांडातली बारावी म्हणजे यूएसीई. तिचा निकाल लागलेला असतो आणि कुणाच्या ड्रायव्हरचा मुलगा, कुणाच्या दुकानातल्या पोरीची बहीण २० पैकी १८ गुण घेऊन घरी बसलेली असते. "हिला कुठे शिष्यवृत्ती मिळेल का हो?" मिळू शकते. अकरा वर्षं हे अर्ज भरून घेतोय, त्यातून जे कळलं ते इथे एकदाच लिहून टाकतो.

१. दार नेमकं कुठलं ते बघा. मास्टरकार्ड फाउंडेशनची योजना २०१२ पासून चालू आहे, पण फाउंडेशनला थेट अर्ज करता येत नाही. तो सहभागी विद्यापीठाकडेच करायचा. कंपालाचं मकेरेरे, घानातलं अशेसी, केप टाउन, किगालीतलं कार्नेगी मेलन (हे पदव्युत्तर शिक्षणासाठी) अशी ती विद्यापीठं आहेत. प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी. मूल निर्वासित असेल तर संयुक्त राष्ट्रांची 'डाफी' बघा, ती १९९२ पासून आहे. "मी मिळवून देतो" म्हणत पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहासुद्धा विचारू नका.

२. नाव. बुगांडात (कंपालाच्या आसपासचा प्रदेश) मुलांची नावं गोत्रातून येतात. गोत्राला आपल्या देवकासारखं एखादं चिन्ह असतं, कुणाचा सिंह, कुणाचा मासा. त्यामुळे बाप आणि मुलगी किंवा सख्खे भाऊ यांच्या नावात एकही शब्द सारखा नसू शकतो. 'आडनाव' या रकान्यापाशी सगळे अडतात. नियम एकच: परीक्षेच्या प्रमाणपत्रावर जे नाव ज्या क्रमाने आहे, तेच सगळीकडे लिहायचं.

३. गरिबी. गाडी अडते ती इथे. सुरुवातीची दोन वर्षं माझे सगळे अर्ज इथेच पडले.

इंटरनेटवर सल्ला मिळतो की निबंध हृदयस्पर्शी लिहा. साफ चूक. निवड करणाऱ्यांच्या टेबलावर शेकडो अर्ज असतात आणि प्रत्येकात कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेला असतो. एका मुलीचा निबंध मीच लिहून दिला होता, भरजरी इंग्रजीत. मुलाखतीत तिला त्यातल्याच एका वाक्याचा अर्थ विचारला आणि पोरगी गप्प बसली. दोष तिचा नव्हता. तेव्हापासून मी मुलांच्या निबंधात स्वल्पविरामसुद्धा घालत नाही, फक्त प्रश्न विचारतो.

प्रश्नही साधे असतात. आई काय विकते? टोमॅटो. आठवड्याला हातात किती उरतात? चाळीस हजार शिलिंग. टर्म किती आठवड्यांची? तेरा. म्हणजे टर्मभराची कमाई पाच लाख वीस हजार आणि एका मुलीची बोर्डिंगची फी साडेसहा लाख. मग भरली कशी? मामाने चार लाख दिले, उरलेले अडीच आईने चार हप्त्यांत भरले. हप्ते फिटेपर्यंत शाळेने घरी पाठवलं होतं का? हो, दर टर्मला तीन आठवडे. झाला निबंध! हा हिशेब कागदावर आला की 'आम्ही फार गरीब आहोत' हे वाक्य खोडून टाकायचं. तीन-तीन आठवडे बुडवून १८ गुण, हे वाचणाऱ्याला आपोआप दिसतं.

प्रत्येक आकड्याला कागद हवा. फीच्या पावत्या, थकबाकीची शाळेची चिठ्ठी, मामाने मोबाइल मनीवरून पाठवलेल्या पैशांचा उतारा. पगारपत्रक नसतंच, त्यामुळे गावच्या एलसी-वन (म्हणजे गावपातळीवरची स्थानिक परिषद) चेअरमनचं शिक्क्याचं पत्र लागतं. ते बहुतेक वेळा 'सदर कुटुंब गरजू आहे' एवढ्या एका ओळीचं असतं आणि तसं ते बिनकामाचं. घरात माणसं किती, कमावतं कोण, वडील कधीपासून नाहीत, हे त्यात लिहून घ्या. चेअरमन कंटाळा करतो. तुम्ही करू नका.

आता जमीन. एका मुलाने 'जमीन नाही' असं लिहिलं. यादीत नाव आलं, पडताळणीला माणूस घरी गेला, तर घरामागे मटोकेची (शिजवून खायच्या केळ्यांची) बाग! नाव कापलं गेलं. पोरगा खोटं बोलला नव्हता. जमीन मालकाची होती, या कुटुंबाकडे फक्त 'किबांजा', म्हणजे आपल्याकडच्या कुळासारखा कसण्या-राहण्याचा हक्क. पण रकाना भरताना ते मला सुचायला हवं होतं. आता मी घराभोवती चक्कर मारल्याशिवाय अर्ज पाठवत नाही. गाय, मोटरसायकल, पत्र्याचं नवं छप्पर, जे दिसेल ते आधीच लिहायचं आणि कुणाचं आहे तेही. छप्पर चर्चने घालून दिलं असेल तर तसं लिहा. लपवलेली एक गाय सगळा अर्ज खाऊन टाकते.

४. शिफारसपत्र. मुख्याध्यापकांच्या सहीपेक्षा वर्गशिक्षकाच्या चार खऱ्या ओळी बऱ्या.

५. मुलाखत. निबंध स्वतःचा असेल तर वेगळी तयारी लागत नाही. 'परत येऊन समाजासाठी काय करशील' हे मात्र विचारतातच. तिथे हॉस्पिटल बांधायला निघू नये. धाकट्या पोरांना गणित शिकवत असेल तर तेवढंच सांगावं.

६. भारताचा पर्याय. आयसीसीआरच्या (भारत सरकारची सांस्कृतिक संबंध परिषद) शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांच्या पोर्टलवर होतो, इंग्रजीत छोटा निबंध लागतो आणि विद्यापीठं पसंतीक्रमाने निवडता येतात. एमबीबीएस त्यात नाही, हे मुलाच्या आईला पहिल्याच दिवशी सांगा, कारण तिने 'डॉक्टर' हा शब्द गावभर करून ठेवलेला असतो. पुण्याला येणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्या दोन महिन्यांचा खर्च द्या. बँकेत खातं उघडून भत्ता सुरू होईपर्यंत खोलीचं भाडं थांबत नाही.