घरच्या घरी गाडीला मशीन पॉलिश, पहिल्यांदाच करत असाल तर

गाडी धुवून उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात ना, ते स्वर्ल मार्क्स. दिसतात गोल, पण खरं तर ते आडवेतिडवे सरळच ओरखडे असतात, उजेड ज्या बाजूने पडतो त्याच्याभोवतीचे तेवढे चमकतात म्हणून गोल वाटतात. आणि हे आले कुठून तर गाडी पुसायच्या फडक्यातून, धूळ बसलेली गाडी कोरड्या कपड्याने झटकायची आपली सवय, त्यातून. त्यामुळे धुण्याची पद्धत न बदलता नुसतं पॉलिश करणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दोन महिन्यांत जाळं परत हजर.

आता मशीन हातात घ्यायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे चरा भरून काढणं नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणणं. प्रत्येक वेळी थोडा थोडा थर जातो आणि तो परत येत नाही. म्हणून नखाला अडकणारा चरा सोडून द्या, तो काढायच्या नादात थर संपेल. ओला केल्यावर चरा दिसेनासा झाला तर तो वरवरचा आहे, जाईल किंवा बराच कमी होईल. आणि मॅट फिनिशची गाडी असेल तर इथेच थांबा, मॅटला पॉलिश करायचं नसतं, ठिकठिकाणी चमकायला लागेल आणि ते परत मॅट होत नाही.

मशीन कोणतं? डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. रोटरी एकाच अक्षावर फिरतं, एका जागी गरम होतं, नवख्या हातात रंग जाळतं, आणि नाही जाळलं तरी होलोग्राम सोडतं, उन्हात तेलकट लाटांसारखे दिसतात ते. डीएचं पॅड फिरता फिरता हलतंही, म्हणून उष्णता एका जागी साठत नाही. डीएमध्ये थ्रो बघायचा, म्हणजे पॅड फिरताना किती मोठ्या वर्तुळात हलतं ते, 8, 15, 21 मिलिमीटर असे मिळतात. सुरुवातीला 15 चं आणि 5 इंची बॅकिंग प्लेटचं (जिच्यावर पॅड चिकटतं ती तबकडी) घ्या, 21 चं मोठ्या सपाट भागावर झपाझप काम करतं पण वळणांवर सांभाळायला जड जातं. ड्रिल मशीनला पॅड लावायचा जुगाड मात्र नको, ते रोटरीच झालं आणि तेही धड पकडता न येणारं.

सोबत फोमची पॅड्स लागतील, मध्यम पॉलिशिंगची चार-पाच, कटिंगची, म्हणजे जास्त घासणारी, दोन, फिनिशिंगचं, म्हणजे सगळ्यात मऊ, एखादं. एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही, पॅड गरम होतं, मेणचट होतं, मग कापतच नाही.

खरी मेहनत धुण्यात आहे, अर्धा दिवस तिथेच जातो. आधी नुसत्या पाण्याने माती सोडवायची, मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी, मिट (धुवायचा मऊ हातमोजा) दरवेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत. त्यानंतर आयर्न रिमूव्हर मारा, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण जिथे रुतलेत तिथे ते जांभळं होऊन ओघळतं, (वास भयंकर असतो, मोकळ्या जागेत करा) आणि ते वाळू न देता धुवायचं. मग पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावरून फिरवा, नुसत्या बोटाला गुळगुळीत वाटलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, भरपूर लुब्रिकंट मारून, अजिबात दाब न देता. क्ले जमिनीवर पडला तर धुवून वापरायचा मोह होतो पण सरळ फेकून द्या, त्यात रुतलेला एक खडा पुरेसा आहे.

गाडी कोरडी करून सावलीत आणा, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. रबर, काळं प्लास्टिक, लोगो, दिव्यांच्या फटी यांना मास्किंग टेप. कंटाळवाणं काम आहे पण काळ्या प्लास्टिकवर वाळलेलं पांढरं पॉलिश काढणं त्याहून कंटाळवाणं. टेप कडांवरही लावा. हे मी अनुभवाने सांगतोय, पहिल्याच गाडीच्या दरवाज्यावरची उठावाची रेघ मी मशीन तिरकं धरून घासत बसलो, पॅड उलटून बघितलं तर त्यावर गाडीचा रंग. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडवर आला म्हणजे वरचा थर गेला, मग रंगवण्याशिवाय इलाज नाही. कडांवर आणि उठावांवर थर मुळातच पातळ असतो. प्लास्टिकच्या बंपरवरही हात आवरता, तिथे उष्णता पसरत नाही.

आता टेस्ट स्पॉट, म्हणजे आधी एका छोट्या जागेवर करून बघायचं. बॉनेटवर साधारण दीड फूट बाय दीड फूट जागा ठरवा आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करा, म्हणजे फाइन पॉलिश आणि मध्यम पॅड. थेट कटिंग पॅड आणि जाड कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट) घ्यायची घाई सगळ्यांना असते, पण क्लिअर कोट काही गाड्यांचा मऊ असतो, काहींचा दगडासारखा, ते घासून बघितल्याशिवाय कळत नाही. सौम्य जोडीने ऐंशी टक्के चरे गेले तर बास, गाडी रोज रस्त्यावर जाणार आहे, प्रदर्शनात नाही.

पॅड नवीन असेल तर पॉलिश सगळ्या पृष्ठभागावर बोटाने चोळून घ्या, नंतर दर भागाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशीन पत्र्यावर टेकवूनच चालू करायचं आणि थांबल्यावरच उचलायचं, नाहीतर सगळ्या भिंतीवर नक्षी. कमी स्पीडला आधी पसरवा, मग 6 पर्यंत आकडे असतील तर 4-5 वर न्या. हात अगदी सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढली पाहिजे, एकदा आडवं एकदा उभं असे चार फेरे. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा, ती फिरताना दिसली पाहिजे, जागच्या जागी नुसती थरथरत असेल तर तुम्ही फार दाबताय किंवा पॅड तिरकं आहे. वायर खांद्यावरून मागे टाका, पत्र्यावर घासली की नवीन चरे. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने झटकून घ्या.

पुसायला जाड मऊ मायक्रोफायबर, कडेचं लेबल कापून. मग पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, 10-15 टक्के, फवारून पुसा. हे टाळू नका, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून त्यांना लपवतं, तुम्ही खूश होता आणि दोन धुण्यांनंतर चरे परत. तेल गेल्यावर टॉर्चच्या उजेडात वेगवेगळ्या कोनातून बघा. काहीच फरक नाही? मग एक पायरी वर चढा, आधी पॅड बदला, नाहीच झालं तर कंपाउंड. कंपाउंडने धूसरपणा आला तर शेवटी फाइन पॉलिश आणि फिनिशिंग पॅड.

आता संरक्षण. कार्नोबा वॅक्स काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतं, लावायला सोपं, चुकलात तर पुसून परत लावा. सिंथेटिक सीलंट काही महिने जातं. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे वाळून कडक होणारा पातळ थर, नीट लावलं तर वर्षभर किंवा जास्तही, पण पहिल्याच गाडीला मी तरी सीलंटच सुचवेन. सिरॅमिकखाली जे असेल ते तसंच बंद होतं, राहिलेले चरेसुद्धा, आणि पुसायचं वेळेत राहिलं तर डाग कडक बसतात ते परत पॉलिश करूनच निघतात. शिवाय कोटिंगने ओरखडे येत नाहीत असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, तो थर एखाद-दोन मायक्रॉनचा असतो, पाणी-घाण सहज निघते हा त्याचा खरा फायदा.

तरी लावायचंच असेल तर एकावेळी छोटा भाग, आडवं-उभं पसरवा, बाटलीवर दिलेल्या वेळेत इंद्रधनुषी झाक दिसायला लागली की हलक्या हाताने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्याने परत. ग्लोव्ह्ज घाला. वापरलेले कपडे फेकून द्या, त्यात कोटिंग वाळून काचेसारखं टोचरं होतं. पहिले 24 तास पाण्याचा थेंब नको आणि साधारण आठवडाभर शॅम्पू नको, मधे पक्षी शिटला तर मात्र वाट बघू नका, ओल्या मऊ कपड्याने तेवढंच अलगद उचलून घ्या.