यीस्टचा संकर आणि चार बीजाणूंची तपासणी

पाव फुगवणाऱ्या सॅकरोमायसेस सेरेव्हिसी या यीस्टमध्ये पेशीचा मेटिंग टाइप (ती कोणत्या पेशीशी जुळू शकते तो प्रकार) तिसऱ्या गुणसूत्रावरील मॅट या एकाच स्थानावर ठरतो, आणि तेथील ए व अल्फा ही दोन्ही रूपे एका पेशीत आली तरच तिला अर्धगुणसूत्री विभाजनाची (गुणसूत्रे निम्मी करून बीजाणू बनवणाऱ्या विभाजनाची) मुभा मिळते. हे स्वतः पडताळून पाहायचे असेल, तर आधी वाण पारखून घ्यावेत. एचओ जनुक शाबूत असलेल्या एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशी स्वतःचा टाइप बदलून आपसांतच जुळतात, त्यामुळे ते जनुक निकामी असलेलेच वाण घ्यावेत. एक वाण ए आणि दुसरा अल्फा असावा; शिवाय एकाला हिस्टिडिन आणि दुसऱ्याला ट्रिप्टोफॅन बाहेरून लागावे.

दोन्ही वाण वायपीडी आगर या पोषक माध्यमावर मिसळून 30 अंश सेल्सिअसला ठेवावेत आणि काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. अल्फा पेशींनी सोडलेला 13 अमिनो आम्लांचा फेरोमोन (जोडीदाराला खुणावणारे रसायन) जाणवताच ए पेशी विभाजन थांबवून त्या दिशेने लांबट टोक काढते. हे टोक ज्याने एकदा नीट पाहिले, त्याला जनुकांचा हुकूम पुस्तकाबाहेरही दिसू लागतो. त्यानंतर मिश्रण दोन्ही अमिनो आम्ले नसलेल्या माध्यमावर पसरावे. तेथे दोन्ही वाण जुळून बनलेल्या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशी वाढतात. मूळ वाण मात्र वाढू नयेत, म्हणून तेही शेजारी लावून पाहावेत.

बीजाणूंसाठी या पेशी धुऊन 1 टक्का पोटॅशियम ॲसिटेटमध्ये 25 अंशांना, भरपूर हवा मिळेल अशा बेताने, तीन ते पाच दिवस हलवत ठेवाव्यात. नायट्रोजनची उपासमार लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही: मॅटच्या दोन रूपांपासून बनणारी ए1 आणि अल्फा2 ही प्रथिने जोडीने आरएमई1 या विभाजन रोखणाऱ्या जनुकाला दाबतात, तेव्हाच आयएमई1 हे जनुक जागे होऊन अर्धगुणसूत्री विभाजन सुरू करते. म्हणून ए/ए द्विगुणित वाण त्याच द्रावणात सोबत ठेवावा. तोही तितकाच उपाशी असतो, तरी बीजाणू धरत नाही, आणि संपूर्ण प्रयोगातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे.

शेवटी झायमोलेज या विकराने चार बीजाणू धरणाऱ्या पिशवीची भिंत सैल करून चारही बीजाणू मायक्रोमॅनिप्युलेटरने (सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी हलवणाऱ्या उपकरणाने) आगरवर सुटे मांडावेत. वसाहती आल्यावर प्रत्येकीचा ज्ञात ए आणि ज्ञात अल्फा वाणांशी संकर करून पाहावा. दोन ए आणि दोन अल्फा निघायला हवेत. हिस्टिडिनऐवजी ल्युसिनची खूण वापरू नये, कारण त्यासाठीचे ल्यू2 जनुक मॅटप्रमाणेच तिसऱ्या गुणसूत्रावर असल्याने मॅटपासून स्वतंत्रपणे वाटले जात नाही.